डिस्पोजेबल कॅमेरा: सत्तावीस फोटोंचा रोल मनासारखा कसा काढावा

डिस्पोजेबल कॅमेऱ्याला मागे पडदा नसतो, झूम नसतो, काढलेला फोटो पुसायची सोय नसते. रोल आत बसवूनच येतो. तो संपला की अख्खा कॅमेरा लॅबमध्ये द्यायचा आणि फोटोंची वाट बघायची. घरातल्या कपाटात जुने अल्बम असलेल्यांना ही वाट ओळखीची आहे: रोल धुवायला टाकलाय, अजून आलेला नाही, आणि कोणाचे डोळे मिटलेत, कोण हललंय हे तोवर कोणालाच ठाऊक नाही. आज ज्यांनी आयुष्यात फक्त फोनवर फोटो काढलेत, तेही हौसेनं हा कॅमेरा घेतात. पण पहिला रोल बऱ्याचदा अर्धाअधिक अंधारलेला येतो, आणि हौस तिथंच संपते.

ती संपू नये म्हणून हा लेख. या कॅमेऱ्यात सगळं कारखान्यातच ठरवून ठेवलेलं असतं. तुमच्या हातात दोनच गोष्टी उरतात, उजेड आणि अंतर. या दोन्हींचा अंदाज आला की सत्तावीसपैकी वीसेक फोटो जपून ठेवावेत असे निघायला हरकत नाही.

कल्पना तशी फार जुनी. १८८८ साली जॉर्ज ईस्टमन यांनी पहिला कोडॅक कॅमेरा विकायला काढला तो शंभर फोटोंचा रोल आत भरूनच. रोल संपला की गिऱ्हाइकानं कॅमेरा अमेरिकेतल्या रॉचेस्टरला, कोडॅकच्या कारखान्यात पाठवायचा. तिथं फोटो धुऊन, छापून, कॅमेऱ्यात नवा रोल घालून सगळं परत यायचं. आज आपण बघतो तो पुठ्ठ्याच्या वेष्टनातला प्रकार फुजीफिल्मनं १९८६ मध्ये जपानात आणला आणि पुढच्याच वर्षी कोडॅकचा आला. सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत ११० नावाची चिमुकली फिल्म असे. लवकरच नेहमीची ३५ मिमी फिल्म आली आणि फोटोंचा दर्जा एकदम सुधारला.

घेताना काय बघायचं

पहिली गोष्ट, फ्लॅश आहे का. बिनफ्लॅशचेही कॅमेरे मिळतात आणि ते फक्त दिवसा, उघड्यावर कामाचे. पहिलाच कॅमेरा असेल तर फ्लॅशवालाच घ्या, यात दुसरा विचार करू नका.

दुसरी गोष्ट, फिल्म किती वेगाची आहे. फुजीफिल्मच्या क्विकस्नॅपमध्ये आयएसओ ४०० ची फिल्म असते, कोडॅकच्या फनसेव्हरमध्ये ८०० ची. आकडा मोठा तितकी फिल्म कमी उजेडात तग धरते. संध्याकाळचा किंवा घरातला कार्यक्रम असेल तर ८०० बरी. कृष्णधवल हवं असेल तर इलफर्डचे दोन कॅमेरे आहेत, एकात एचपी५ प्लस आणि दुसऱ्यात एक्सपी२ सुपर. यातला फरक घेण्याआधीच समजून घ्या. एक्सपी२ रंगीत रोलच्याच रसायनांत, म्हणजे सी-४१ पद्धतीनं धुतली जाते. एचपी५ ला कृष्णधवलची वेगळी रसायनं लागतात आणि ती प्रत्येक लॅबकडे नसतात.

पाण्यात खेळायचं असेल तर जाड पारदर्शक कवचातला वॉटरप्रूफ कॅमेरा वेगळा मिळतो. त्यात फ्लॅश नसतो, म्हणून पृष्ठभागाजवळ, भर उन्हातच तो छान चालतो.

शेवटी खोक्यावरची मुदत वाचा. मुदत उलटलेल्या फिल्मचे रंग फिके आणि विचित्र होतात. काहींना तेच आवडतं, पण पहिल्या रोलवर हा प्रयोग नको.

पुठ्ठ्याच्या आत

आतली रचना मला फार आवडते. भिंग प्लास्टिकचं, बहुधा एकच. उजेड आत घेणारं छिद्र ठरलेलं, साधारण एफ/१० (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं). शटरचा वेग, म्हणजे उजेड किती वेळ आत येतो, तोही ठरलेला: क्विकस्नॅपचा सेकंदाचा १४० वा भाग, फनसेव्हरचा १०० वा. एकाच भिंगाची प्रतिमा कडांना पुसट होते, म्हणून फिल्मही आत किंचित वाकवून बसवलेली असते, म्हणजे कडासुद्धा बऱ्यापैकी स्पष्ट येतात. इतक्या स्वस्तात इतका नेमका उपाय!

फिल्मची गंमत त्याहून मोठी. साध्या फिल्म कॅमेऱ्यात फिल्म डबीतून बाहेर ओढली जाते आणि रोल संपल्यावर पुन्हा डबीत गुंडाळावी लागते. इथं कारखान्यातच सगळी फिल्म बाहेर काढून ठेवलेली असते आणि प्रत्येक फोटोनंतर एकेक चौकट डबीत परत जाते. म्हणजे काढलेला फोटो लगेच सुरक्षित. वरचा आकडाही म्हणूनच उलटा चालतो: किती काढले हे न सांगता किती उरले ते सांगतो.

मागच्या बाजूला अंगठ्याजवळ दातेरी चाक असतं. ते फिरवलं की करकर आवाज येतो, फिल्म सरकते आणि फिल्मच्याच भोकांनी आतलं एक चक्र फिरून शटर सज्ज होतं. चाक अडलं की थांबायचं, जोर लावायचा नाही. खटका दाबूनही काही झालं नाही तर बहुतेक वेळा चाक पुरतं फिरलेलं नसतं. प्रत्येक फोटोनंतर लगेच चाक फिरवायची सवय लावा. क्षण समोर येतो तेव्हा कॅमेरा तयार हवा.

उजेडाचं गणित

पुढचा भाग सावकाश वाचा, कारण बिघडलेल्या बहुतेक फोटोंचं मूळ इथं आहे.

फिल्मवाल्यांचा जुना आडाखा असा: लख्ख उन्हात छिद्र एफ/१६ ठेवा आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओइतका. म्हणजे ४०० च्या फिल्मला उन्हात सेकंदाचा ४०० वा भाग पुरतो. आपला कॅमेरा मात्र एफ/१० आणि १४० वा भाग यावर कायमचा अडकलेला. हिशेब केला तर भर उन्हात तो फिल्मला हवा त्याच्या सुमारे सातपट उजेड देतो. तरीही फोटो छान येतो, कारण रंगीत निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड आनंदानं पचवते.

कमी उजेड मात्र तिला अजिबात पचत नाही. या कॅमेऱ्याचं माप मुळात दाट ढगाळ दिवस किंवा मोकळ्या आभाळाखालची सावली यांना बेतलेलं आहे. त्याहून अंधार झाला की फोटो मातकट होतो, दाणे उठतात, काळ्या जागांवर हिरवट झाक येते. रात्री दिव्यांच्या उजेडात खोली आपल्याला चांगली उजळलेली वाटते, कारण आपले डोळे जुळवून घेतात. कॅमेऱ्याला तिथं गरजेच्या पन्नासाव्या हिश्शाएवढाच उजेड मिळतो, कधी त्याहूनही कमी.

त्यामुळे व्यवहारात एवढं पाळा. उघड्यावर ऊन किंवा उजळ सावली असेल तर बिनधास्त फ्लॅशशिवाय काढा. ढग दाटलेत, झाडी गच्च आहे, सूर्य टेकलाय, अशा वेळी माणसं जवळ असतील तर फ्लॅश लावा. छपराखाली गेलात की दिवस असो वा रात्र, फ्लॅश लावाच. खिडकीशी बसलेल्या माणसावर पडणारा मऊ उजेड डोळ्याला कितीही सुंदर दिसला तरी या कॅमेऱ्याला तो सहसा कमीच पडतो.

उन्हात सूर्य पाठीशी घ्या हा जुना सल्ला इथं खरा ठरतो. तरी डोक्यावरच्या कडक उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात आणि माणसं डोळे बारीक करतात. सकाळी किंवा दुपार कलल्यावर ऊन तिरपं असतं, तेव्हाचे फोटो या फिल्मवर सगळ्यात गोड उतरतात. सूर्य समोर ठेवूनच काढायचा असेल तर भिंगावर थेट ऊन पडू देऊ नका. साध्या प्लास्टिकच्या भिंगात किरण विखुरतात आणि सगळ्या फोटोवर धुकं पसरतं. कधी मुद्दाम ते धुकं हवंसं वाटतं, तो भाग वेगळा.

फ्लॅश नीट वापरा

काही कॅमेऱ्यांत फ्लॅशचा खटका वर सरकवायचा असतो, काहींत पुढचं बटण काही सेकंद दाबून धरायचं. कान देऊन ऐकलं तर बारीक शीळ चढत जाताना ऐकू येते. तो आतला कपॅसिटर, म्हणजे फ्लॅशसाठी वीज साठवणारा भाग, भरण्याचा आवाज. छोटा दिवा लागला की फ्लॅश तयार. दिवा लागायच्या आत खटका दाबला तर फोटो निघेल, पण फ्लॅश पुरता उडणार नाही आणि ती चौकट वाया जाईल. घाईत नेमकं हेच होतं. ‘थांबा, दिवा लागू दे’ असं समोरच्यांना मोठ्यानं सांगा. सगळे थांबतात, आणि त्या दोन सेकंदांत चेहऱ्यांवर जे हसू येतं ते फोटोत उतरतं.

फ्लॅशचा पल्ला साधारण एक ते तीन मीटर. अंतर दुप्पट झालं की पोचणारा उजेड चौथ्या हिश्शावर येतो, म्हणून दीड मीटरवरचा चेहरा लख्ख आणि सहा मीटरवरचं रंगमंचावरचं माणूस जवळजवळ अदृश्य. रात्री मैफल, आतषबाजी, दूरची रोषणाई यांवर चौकटी घालवू नका. त्याऐवजी ते बघणाऱ्या माणसांकडे वळा, दोन मीटरवरून फ्लॅश टाकून त्यांचे चेहरे घ्या. मागे काळोख, पुढे उजळलेले चेहरे: जुन्या अल्बममधल्या रात्रीच्या फोटोंचं रूप यातूनच येतं.

बऱ्याच जणांना माहीत नसलेला उपयोग म्हणजे दिवसाचा फ्लॅश. माणसाच्या पाठीमागे उजळ आकाश किंवा समुद्र असेल तर चेहरा काळवंडतो. दोन मीटरच्या आत राहून फ्लॅश लावला की चेहरा आणि मागचं दृश्य दोन्ही येतं. काच किंवा आरशासमोर मात्र तिरकं उभं राहा, नाहीतर फोटोभर पांढरा ठिपका येईल. माणूस भिंतीला चिकटून उभा असेल तर मागे ठसठशीत सावली पडते, त्याला एक-दोन पावलं पुढे घ्या. आणि तुमचं बोट फ्लॅशवर नाही ना, हे प्रत्येक वेळी बघा. कॅमेरा छोटा आहे, डाव्या हाताची बोटं सहज पुढे येतात.

एक हात पुरणार नाही

हा कॅमेरा फोकस करत नाही. साधारण एक मीटरपासून पुढचं सगळं पुरेसं स्पष्ट दिसेल अशी भिंगाची जुळवणी असते. एक मीटरच्या आत आलं की पुसट, आणि त्याला इलाज नाही. हात लांब करून काढलेला सेल्फी म्हणूनच फसतो: हाताची लांबी मीटरभर भरत नाही. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात द्या. त्यात आणखी एक फायदा आहे, नेहमी फोटो काढणारं माणूसही एकदाचं फोटोत येतं.

दुसऱ्या टोकाला, भिंग थोडं रुंद दृश्य घेणारं असतं, त्यामुळे दूरचा डोंगर फोटोत टेकडीएवढा उरतो. निसर्गदृश्य काढायचंच असेल तर पुढे काहीतरी घ्या: कठड्यावर टेकलेलं माणूस, झाडाची फांदी, वाटेवरची सायकल. माझ्या मते या कॅमेऱ्याचं खरं क्षेत्र दीड ते तीन मीटर. या अंतरावर एक-दोन माणसं कमरेपासून वर चौकटीत भरतात, फ्लॅशही पोचतो आणि चेहऱ्यावरचे भाव टिकतात.

डोळा लावायची खिडकी आणि भिंग वेगवेगळ्या जागी असल्यामुळे जवळच्या फोटोत चौकट सरकते. खिडकीतून डोकी अगदी कडेला टेकलेली दिसत असतील तर फोटोत ती कापली जातील. डोक्यावर थोडी मोकळी जागा सोडा. ग्रुप फोटोत सगळ्यात कडेच्या माणसांना आत सरकायला सांगा, कारण कडांना चेहरे थोडे ताणले जातात.

कॅमेरा फार हलका असतो, म्हणून दाबताना झटका बसतो. कोपर अंगाशी टेकवा, श्वास रोखा आणि खटका हळू दाबत न्या. चालणारी माणसं सेकंदाच्या शंभराव्या भागात बऱ्यापैकी स्थिर येतात. जवळून धावत जाणारं मूल पुसट येईल. ते पुसटपण मला स्वतःला फार आवडतं, धावण्याचा वेग त्यात दिसतो.

सत्तावीस चौकटी

चौकटी मोजक्या असल्या की माणूस बघायला लागतो. फोनवर एकाच प्रसंगाचे वीस फोटो निघतात आणि पुन्हा कोणी उघडत नाही. इथं खटका दाबण्याआधी मन विचारतं, हा हवाच आहे का? हे विचारणं हीच या कॅमेऱ्याची खरी मजा.

तरीही फार कंजुषी करू नका. एका दिवसाचा समारंभ असेल तर पहिल्या तासातच चार-पाच फोटो काढून टाका, हात बसतो. मधले दहा-बारा माणसांसाठी ठेवा. एकाच गोष्टीचे दोन फोटो काढणं टाळा. अपवाद फक्त मोठ्या ग्रुपचा, तिथं कोणीतरी डोळे मिटतंच. उरलेल्या चौकटींत आजूबाजूच्या वस्तू घ्या: दाराशी साठलेल्या चपला, अर्धवट आवरलेलं टेबल, बॅगांचा ढीग. दहा वर्षांनी अल्बम उघडल्यावर बोट याच फोटोंवर थांबतं.

कॅमेरा पाळीपाळीनं सगळ्यांच्या हातात देऊन बघा. लहान मुलाच्या उंचीवरून दिसणारं घर, आजीनं काढलेला नातवंडांचा थोडा तिरका फोटो, असं काही एकट्याच्या हातून होत नाही. देताना तीनच सूचना द्या: एक मोठं पाऊल लांब उभे राहा, फ्लॅशचा दिवा लागू दे, बोट भिंगासमोर नको. आणि फोटो कसा आला असेल ही चर्चा करू नका, कोणालाच कळणार नाही.

सहलीत रोल सांभाळताना उन्हात तापलेल्या गाडीत कॅमेरा ठेवू नका, उष्णतेनं फिल्मचे रंग बिघडतात. विमानप्रवासात तो सामानात टाकून न देता हातातल्या पिशवीत ठेवा. चेक-इन सामानाच्या तपासणीतले किरण जास्त तीव्र असतात. हातसामानासाठीही आता अनेक विमानतळांवर सीटी स्कॅनर आलेत आणि तेही फिल्मला घातक आहेत. कॅमेरा हातात घेऊन, आत न धुतलेली फिल्म आहे, हातानं तपासा, अशी नम्र विनंती करा.

रोल संपल्यावर

आकडा शून्यावर आला की चाक सैल फिरेपर्यंत फिरवत राहा, म्हणजे उरलेली फिल्मही डबीत जाते. मग कॅमेरा लवकर लॅबला द्या. काढलेल्या पण न धुतलेल्या फिल्मवरची प्रतिमा काळाबरोबर फिकी होत जाते, ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं ठेवू नका.

कॅमेरा स्वतः उघडायचा मोह टाळा. बॅटरी साधी दीड व्होल्टची असली तरी फ्लॅशचा कपॅसिटर सुमारे ३०० व्होल्टपर्यंत भरतो आणि कॅमेरा बंद असतानाही तो भरलेला राहू शकतो. जोरदार झटका बसतो. लॅबवाल्यांना तो कसा उघडायचा हे माहीत असतं, त्यांनाच करू द्या.

लॅबमध्ये देताना तीन गोष्टी स्पष्ट बोला. रोल रंगीत आहे की कृष्णधवल, आणि धुण्याची पद्धत कोणती. ती कॅमेऱ्यावर छापलेली असते. दुसरं, स्कॅन किती मोठे हवेत. लांबीला तीन हजार पिक्सेल असतील तर दहा इंची छपाई स्वच्छ निघते; त्याहून मोठी फ्रेम करायची असेल तर मोठा स्कॅन मागा. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, निगेटिव्ह, म्हणजे धुतलेल्या फिल्मच्या पट्ट्या, परत हव्यात. काही ठिकाणी मागितल्या नाहीत तर त्या टाकून देतात. स्कॅन म्हणजे नक्कल, मूळ फोटो निगेटिव्हवरच असतो आणि पुढे कधीही त्यावरून आणखी चांगला स्कॅन किंवा प्रिंट काढता येते.

फोटो हातात आल्यावर

स्कॅन अनेकदा उलट्या क्रमानं येतात, निरोपाचा फोटो आधी आणि निघतानाचा शेवटी. फिल्म डबीत उलटी परत जाते ना, त्याचाच हा परिणाम. क्रम आधी सुलटा करून घ्या, मग फोटो बघायला बसा, शक्यतो त्या दिवशी बरोबर असलेल्या माणसांना घेऊन.

फसलेले फोटो पुढच्या रोलसाठी नीट तपासा. दाणेदार, मातकट, हिरवट काळपट असेल तर उजेड कमी पडला, फ्लॅश हवा होता. चेहरा पांढराफटक आणि मागे गडद काळोख असेल तर फ्लॅश फार जवळून पडला, पाऊलभर मागे सरकायला हवं होतं. पुढचं पुसट आणि मागचं स्पष्ट असेल तर मीटरच्या आत शिरलात. सगळंच एका दिशेनं ओढल्यासारखं असेल तर हात हलला. कोपऱ्यात गुलाबी ढग असेल तर ते बोट.

निवडक दहा-बारा फोटोंच्या प्रिंट काढा. मागे मऊ पेन्सिलीनं तारीख, जागा आणि माणसांची नावं लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. निगेटिव्ह चार किंवा सहा चौकटींच्या पट्ट्यांत कापून, फोटोसाठीच बनवलेल्या पारदर्शक पाकिटांत, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवा. हाताळताना फक्त कडांना धरा. पाकिटावरही तीच तारीख टाका, म्हणजे कोणती प्रिंट कोणत्या पट्टीवरची हे शोधत बसावं लागणार नाही.

दोन-तीन रोलनंतरही हौस टिकली तर पुन्हा पुन्हा रोल भरता येणारा साधा प्लास्टिकचा कॅमेरा घ्या. कोडॅकच्या नावाचा एम३५ आणि इलफर्डचा स्प्राइट ३५-२ हे त्याच जातीचे आहेत: फोकस ठरलेला, शटर ठरलेलं, फ्लॅश अंगचा. कचरा कमी होतो आणि फिल्म आपल्या आवडीची घालता येते. फक्त यात रोल संपल्यावर फिल्म डबीत परत गुंडाळायचं काम तुमच्याकडे येतं, ते केल्याशिवाय मागचं झाकण उघडू नका.